बोट उचललं तरी सूर थांबेना: नेटवर्कवरून मिडी पाठवतानाचं नेहमीचं दुखणं

लक्षण आधी नीट लिहितो, म्हणजे तुमचं दुखणं हेच की दुसरं ते लगेच कळेल. कीबोर्ड स्टेजवर, आवाज काढणारा लॅपटॉप खाली मिक्सरजवळ, आणि दोघांच्या मध्ये वायफाय नाहीतर लॅन, ज्यावरून मिडी, म्हणजे कोणती पट्टी दाबली-सोडली ते सांगणारे हुकूम, जातात. तालमीत सगळं चोख चालतं. कार्यक्रम रंगात आला की मध्येच एखादा सूर अडकतो. स्ट्रिंग्जचा पंचम मागे वाजतच राहतो. त्याच पट्टीत गाणं चालू असेल तर कुणाच्या ध्यानातही येत नाही. पुढचं गाणं काळी दोनवरून पांढरी चारमध्ये गेलं की मग सगळ्यांच्या माना वळतात.

"बोट कवाच उचललंय की मी, अण्णा."

"मग वाजवतंय कोण?"

साउंडवाला आणि कीबोर्डवाला, दोघंही खरं बोलत असतात. बोट उचललेलं असतं आणि लॅपटॉपच्या लेखी ते दाबलेलंच असतं. मग कुणीतरी धावत जाऊन सॉफ्टवेअर बंद करून चालू करतं, वेळ निभावते, आणि पुढच्या कार्यक्रमाला पुन्हा तेच. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या ऑर्केस्ट्रांकडून आणि भजनी मंडळांच्या पोरांकडून हीच तक्रार पुन्हा पुन्हा येते, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

मुळात नेटवर्क मध्ये येतंच का? यूएसबीची वायर पाच मीटरच्या पुढे भरवशाची नाही. जुनी पाच पिनांची मिडी वायर पंधरा मीटरपर्यंत चालते. वडगाव-शहापुरातल्या गल्लीचा मांडव असो की यात्रेतलं पटांगण, स्टेजपासून मिक्सर सहज तीस मीटरवर असतो. तिथे लॅन किंवा वायफायला पर्याय उरत नाही. ज्यांचं सगळं सामान एकाच ट्रॉलीवर आहे, म्हणजे शिवजयंतीच्या चित्ररथावर वगैरे, त्यांनी मात्र नेटवर्कच्या नादाला लागूच नये. साधी वायर लावा आणि हे पान बंद करा.

एक "बंद" हरवला की काय होतं

मिडीतून आवाज जात नाही, हुकूम जातात. मधला सा म्हणून समजा ६० नंबरची पट्टी दाबली. "चॅनेल १, पट्टी ६०, इतक्या जोरात, सुरू" असा तीन बाइटांचा एक हुकूम निघतो. बोट उचललं की "पट्टी ६०, बंद" असा दुसरा. बस. मधल्या काळात काहीही जात नाही. तुम्ही चार मात्रा सूर धरून ठेवा की सोळा, वायर गप्पच असते.

१९८३ साली हे ठरलं तेव्हा मध्ये तांब्याची छोटी वायर होती आणि वेग होता सेकंदाला ३१,२५० बिट. एक हुकूम जायला साधारण एक मिलिसेकंद. त्या वायरीत हुकूम हरवण्याची भीतीच नव्हती, म्हणून "मिळालं का रे?" असं विचारायची सोयच मिडीत ठेवली नाही. तीच भाषा आपण उचलून नेटवर्कवर नेली, आणि नेटवर्कवर पॅकेट, म्हणजे माहितीचं छोटं पुडकं, हरवतं. कधीतरी हरवतंच.

आता हरवण्याचा परिणाम पाहा. गाण्याचा आवाज थेट नेटवर्कवरून जात असता तर एक पॅकेट गेल्यावर "टक्" झालं असतं आणि गाणं पुढे गेलं असतं. मिडीत "सुरू" हरवला तर एक सूर वाजत नाही. भरगच्च वाद्यवृंदात तो कुणाला कळतही नाही. "बंद" हरवला तर मात्र चूक तिथे संपत नाही, ती पुढे कुणीतरी हाताने थांबवेपर्यंत चालू राहते. सूर लांबवणाऱ्या सस्टेन पेडलचंही तेच. पेडल म्हणजे ६४ नंबरचा कंट्रोल, त्याचं मूल्य ६४ किंवा वर गेलं की दाबलेलं, ६३ किंवा खाली आलं की सोडलेलं. सोडल्याचा हुकूम हरवला तर एक सूर नाही, त्यानंतर वाजवलेले सगळेच सूर एकमेकांत चिकटत जातात. पिच बेंडचा, म्हणजे सूर चढवण्या-उतरवण्याच्या चाकाचा, परत मध्यावर यायचा हुकूम हरवला तर सगळं वाद्य पाव सुराने चढलेलं राहतं, आणि गायक बिचारा स्वतःलाच दोष देतो.

पॅडवाल्याला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पॅडवर ठेके वाजवणाऱ्याला, हा त्रास कधी होत नाही, हेही यातच आलं. ढोलाचा ठोका एकदा वाजला की आपोआप विरतो, त्याला "बंद"ची गरज नसते. त्यामुळे पॅडवाला शपथेवर सांगतो की नेटवर्क झकास आहे. त्याचं ऐकू नका. त्याचेही ठोके गळत असतात, फक्त अडकत नाहीत.

नेटवर्कला शिव्या घालण्याआधी

अडकलेला प्रत्येक सूर नेटवर्कचा नसतो. आपल्याकडे कीबोर्डवाले गाणं चालू असतानाच ट्रान्सपोजचं बटण दाबतात. एक बोट खाली आहे आणि तेवढ्यात पट्टी दोनने वर नेली, तर "सुरू" गेला ६०ला आणि बोट उचलल्यावर "बंद" गेला ६२ला. ६० बसला बोंबलत. बरेच कीबोर्ड स्वतःच्या पोटात हे सांभाळून घेतात, पण मध्ये एखादं पट्टी बदलणारं सॉफ्टवेअर लावलं असेल तर ते सांभाळेलच असं नाही. ऑक्टेव्हचं बटण, स्प्लिट, आणि वाजता वाजता चॅनेल बदलणं यांतूनही हाच घोटाळा होतो. वादकाला एवढंच सांगा की पट्टी बदलताना दोन्ही हात वर. निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात असा माझा अंदाज आहे.

दुसरा संशयित म्हणजे स्वस्तातली यूएसबी-मिडी वायर. बाजारात मिळणाऱ्या बिनानावाच्या काही वायरी भरभर हुकूम आले की मधलेच गिळतात. एका हाताने भरभर सूर, दुसऱ्या हाताने मॉड्युलेशनचं चाक, वर पेडल, असं एकदम केलं की तिचा दम संपतो.

कोण खोटं बोलतंय ते कळायला दोन्ही टोकांना मिडी दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा. विंडोजवर मिडी-ऑक्स आहे, मॅकवर मिडी मॉनिटर. दोन्हीकडे हुकूम ओळीने लिहिले जातात. सूर अडकला की लगेच दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहा. पाठवणाऱ्याकडे "बंद" दिसतो आणि घेणाऱ्याकडे नाही, तर नेटवर्क दोषी. पाठवणाऱ्याकडेच दिसत नाही, तर दोष कीबोर्ड किंवा यूएसबीकडे. दोन्हीकडे दिसतो आणि तरी सूर चालू आहे, तर आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये गडबड आहे किंवा पेडल दाबलेलं राहिलंय. एकच "सुरू" घेणाऱ्याकडे दोनदा दिसला तर दोन जोडण्या एकदम चालू आहेत, बहुधा एक वायफायवरून आणि एक लॅनवरून. त्यातली एक तोडा.

वायफाय असेल तर

माझं मत आधीच सांगून टाकतो: कार्यक्रमात वायफाय नको. आयपॅड हातात घेऊन फिरायचंच असेल तर गोष्ट वेगळी.

तालमीत चालतं आणि मांडवात चालत नाही, याचं कारण साधं आहे. रिकाम्या हॉलमध्ये हवा मोकळी असते. मांडव भरला की शेकडो मोबाइल त्याच २.४ गिगाहर्ट्झवर बोलत असतात. स्वस्त कॉर्डलेस माइकपैकी काही त्याच पट्ट्यात चालतात. शिवाय माणसाचं शरीर म्हणजे बहुतांशी पाणी, ते या लहरी पिऊन टाकतं. म्हणून राउटर कमरेच्या उंचीवर ठेवला तर पहिल्या रांगेतल्या लोकांनीच तो झाकला जातो. मांडवाच्या खांबाला, डोक्याच्या वर बांधा. जमलं तर ५ गिगाहर्ट्झ वापरा आणि चॅनेल ३६ ते ४८ मधला एक हाताने ठरवून द्या. "ऑटो" नको. त्यापुढच्या काही चॅनेलवर राउटरला रडारचा सुगावा लागला की नियमाप्रमाणे जागा सोडावी लागते, आणि ती तो तुमच्या गाण्याच्या मध्येच सोडेल.

वायफायवर दुसरा एक छुपा खड्डा आहे. साधं, एका संगणकाला पाठवलेलं पॅकेट पोचलं नाही तर वायफाय स्वतःहून ठरावीक वेळा पुन्हा पाठवतं. पण "सगळ्यांना" म्हणून सोडलेल्या पॅकेटला, म्हणजे मल्टिकास्टला, राउटर पोचपावती मागत नाही. ते एकदाच सुटतं, तेही कमी वेगाने, आणि पोचलं तर पोचलं. आयपी-मिडी, क्यूमिडीनेट यांसारखी सॉफ्टवेअर मल्टिकास्टवरच चालतात. वायरीवर ती उत्तम आहेत, सेटिंग जवळजवळ काही नाही. वायफायवर त्यांच्याकडून सूर अडकणं हे ठरलेलं.

तिसरी गोष्ट बॅटरीची. लॅपटॉप आणि टॅब वीज वाचवायला वायफायचा रेडिओ झोपवतात. तेवढ्या वेळात आलेली पॅकेटं राउटर धरून ठेवतो आणि पुढच्या हाकेला सोडतो. ही हाक साधारण दर १०२ मिलिसेकंदांनी येते. मग चार सूर एकदम एका झुबक्यात येऊन आदळतात. सूर अडकत नाहीत, पण लय लंगडते. विंडोजमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये वायरलेस अडॅप्टर "मॅक्झिमम परफॉर्मन्स"वर ठेवा, चार्जर लावूनच ठेवा.

आणि लाइटवाल्याला विचारा. शार्पी दिव्यांचं आणि एलईडी भिंतींचं कंट्रोल तुमच्याच राउटरवर आहे का? आर्ट-नेटचं, म्हणजे नेटवर्कवरून दिवे चालवायच्या पद्धतीचं, काही सामान दिव्यांची माहिती सगळ्यांना ओरडून सांगतं, सेकंदाला चाळीसेक वेळा. लॅनवर ते खपून जातं. तेच वायफायवरून बाहेर पडायला लागलं की तुमच्या "बंद"ला हवेत जागाच मिळत नाही. लाइटचा राउटर वेगळा, संगीताचा वेगळा, आणि दोघांत एकही वायर नाही.

वायर ओढा

बऱ्याच वेळा एवढ्यावरच प्रश्न सुटतो. लॅनची वायर १०० मीटरपर्यंत नेता येते. दोनच संगणक असतील तर राउटरही नको, दोघांना एक सरळ वायर जोडा. थोड्या वेळात दोघेही आपापला १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता घेतात आणि एकमेकांना सापडतात. साउंडवाल्यांना घरघराटाची भीती वाटते, पण लॅनच्या पोर्टमध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, त्यामुळे यूएसबीने अर्थिंगचा जसा गुणगुणाट येतो तसा बिनशिल्डच्या लॅन वायरीने येत नाही. जनरेटरच्या केबलला गुंडाळून मात्र नेऊ नका. खानापूरच्या बाजूला पावसात कार्यक्रम असेल तर मधले जोड जमिनीवर सोडू नका, प्लास्टिक गुंडाळून वर बांधा. आणि क्लिप तुटलेली वायर फेकून द्या. ती टेस्टरवर पास होते आणि कुणीतरी खुर्ची सरकवली की नापास.

हरवलेलं परत कसं मिळतं

वायरीवर पॅकेट क्वचित हरवतं, पण "क्वचित" म्हणजे "कधीच नाही" नव्हे. खरा प्रश्न हा की हरवल्यावर हिशेब जुळवणारं कुणी आहे का.

नेटवर्क शिकलेल्या पोरांना पहिलं सुचतं ते टीसीपी, नेटवर्कवर माहिती पोचवायची एक पद्धत. त्यात हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवलं जातं, मग काळजी कसली? काळजी अशी की टीसीपी सगळं क्रमानेच देतं. एक पॅकेट गळलं की मागून आलेले सगळे सूर दाराशी खोळंबतात. शिवाय काहीतरी गळलंय हे त्याला लवकर कळतं ते मागून भराभर पॅकेटं येत असतील तरच. विलंबित गाण्यात सेकंदाला दोन सूर वाजतात, मग त्याला घड्याळावर विसंबावं लागतं, आणि लिनक्सवर ते घड्याळ कमीत कमी २०० मिलिसेकंदांचं असतं. म्हणजे सूर अडकत नाही हे खरं, पण अधूनमधून वाद्य श्वास रोखून धरतं आणि मग एकदम बोलतं. फाइल पाठवायला टीसीपी, वाजवायला नाही.

यावर बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जॉन लाझारो आणि जॉन वॉव्ह्रझिनेक यांनी वेगळा तोडगा काढला. तो २००६ मध्ये आरएफसी (इंटरनेटच्या मानकांचा दस्तऐवज) ४६९५ म्हणून आला, आणि २०११ मध्ये सुधारून ६२९५ म्हणून. नाव आरटीपी-मिडी. हरवलेलं पॅकेट पुन्हा मागायचंच नाही, अशी त्यातली युक्ती आहे. किराणा दुकानदार प्रत्येक बिलावर "मागील बाकी" लिहितो ना, तसं प्रत्येक नव्या पॅकेटात नव्या हुकुमाबरोबर मागचा ताळेबंद असतो: कोणत्या पट्ट्या सध्या दाबलेल्या, कोणत्या सोडलेल्या, पेडल वर की खाली, पिचचं चाक कुठे, कोणता आवाज लावलाय. याला जर्नल म्हणतात. मधली दोन पॅकेटं गळाली तरी तिसरं आलं की घेणारा ताडून पाहतो आणि "अरे, ६० बंद व्हायला हवी होती" म्हणून ती बंद करतो. घेणारा अधूनमधून "इथपर्यंत मिळालं" असं कळवतो, म्हणून ताळेबंद फुगत जात नाही. शेवटच्या सुरानंतर पुढचं पॅकेटच येणार नसेल तर काय, याचाही विचार आहे: वादन थांबल्यावर काही पॅकेटं नुसता ताळेबंद घेऊन जातात.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे हुकलेल्या "सुरू"चं काय करायचं हा निर्णय. "बंद" उशिरा का होईना पाळायचाच. पण "सुरू" उशिरा पाळला तर ढोलाचा ठोका मात्रेच्या मागे पडेल, त्यापेक्षा न वाजलेला बरा. उलट संथ स्ट्रिंग्जचा सूर थोडा उशिरा आला तरी चालतो. म्हणून जर्नलमध्ये प्रत्येक सुरासोबत एक बिट असतो, त्यात पाठवणारा सुचवतो की आता वाजवायचं की सोडून द्यायचं. वाजवणाऱ्याच्या बाजूने विचार केल्याशिवाय असं सुचत नाही.

मॅकवर नेटवर्क मिडी २००५ पासून आहे, आयपॅडवर २०१० पासून. दोन्ही याच जातीचे. विंडोजसाठी टोबियास एरिक्सेन यांचा आरटीपी-मिडी ड्रायव्हर आहे. पण पाटीवर आरटीपी-मिडी लिहिलंय म्हणून आत जर्नल खरंच वाचलं जातंय असं समजू नका. छोट्या बोर्डांवर चालणाऱ्या काही लायब्ररी जर्नल आलं की त्याची लांबी मोजतात आणि उडी मारून पुढे जातात. नाव तेच, दुरुस्ती शून्य. म्हणून घरीच परीक्षा घ्या.

दोन साधे पाच पोर्टचे नेटवर्क स्विच घ्या. कीबोर्डकडचा संगणक पहिल्या स्विचला, आवाजाचा लॅपटॉप दुसऱ्याला, आणि दोन स्विचच्या मध्ये एक वायर. वायफाय दोन्हीकडे बंद. स्ट्रिंग्ज लावा, सा-ग-प धरून ठेवा. आता मधली वायर उपसा. बोटं उचला. सूर चालूच राहतील, राहू द्या. वायर परत खोचा, स्विचचे दिवे लुकलुकले की अगदी वेगळी एखादी पट्टी, समजा वरचा रे, हलकेच दाबा. रे वाजताक्षणी जुने तीन सूर गप्प झाले तर जर्नल जागं आहे. रे वाजला आणि मागे सा-ग-प तसेच रेंगाळत राहिले, तर तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती नाही, आणि मांडवात ते असंच वागणार.

वायर दोन स्विचच्या मधलीच काढायची. संगणकाच्या पोर्टातून काढली तर त्याला लगेच कळतं की नेटवर्क गेलं, तो जोडणीच तोडू शकतो, आणि मग तुम्ही भलत्याच गोष्टीची परीक्षा घेत बसता. पाच-सात सेकंदांत वायर परत लावा, फार वेळ सोडू नका.

नोव्हेंबर २०२४ मध्ये नेटवर्क मिडी २.० चं नवं मानक आलंय. त्यात प्रत्येक पॅकेटात आधीच्या काही पॅकेटांचा माल पुन्हा घातला जातो, आणि तरी हुकलं तर परत मागताही येतं. हाती असलेल्या सामानात ते उतरेपर्यंत वरची परीक्षाच खरी. मिडीऐवजी ओएससी नावाची हुकुमांची दुसरी भाषा वापरणाऱ्यांसाठी एक ओळ: ओएससी सहसा यूडीपीवरून, म्हणजे पोचपावती न मागणाऱ्या पद्धतीने, जातं आणि त्यात दुरुस्ती काहीच नाही. तिथे "बंद" दोन-तीनदा पाठवा आणि सगळी स्थिती दर सेकंदाला एकदा पुन्हा सांगा.

जोडणीच तुटत असेल तर

सूर अडकत नाहीत, पण कार्यक्रमाच्या मध्ये सगळंच मुकं होतं, असं असेल तर पहिला संशय करंटवर घ्या. करंट गेला, जनरेटरवर टाकलं, तेवढ्यात राउटर बंद पडून पुन्हा चालू झाला. लॅपटॉप बॅटरीवर असतो म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. राउटर उठायला मिनिटभर घेतो आणि उठल्यावर कधी कधी पत्ते नव्याने वाटतो, मग जुनी जोडणी पत्ता चुकते. राउटरसाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो लावा. आणि दोन्ही संगणकांना कायमचे पत्ते द्या, १९२.१६८.५०.१० आणि ११ असे काहीतरी, लॅपटॉपच्या झाकणावर मार्करने लिहूनही ठेवा.

विंडोजवर जोडणी मुळात होतच नसेल तर ते बहुधा फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणारं अडवणारा पहारेकरी. नवीन राउटर दिसला की विंडोज त्याला "पब्लिक" समजतं आणि आत येणारं सगळं अडवतं. ते "प्रायव्हेट" करा. आरटीपी-मिडीला लागोपाठचे दोन यूडीपी पोर्ट लागतात, सहसा ५००४ आणि ५००५. एक बोलणी करायला, दुसरा सूर न्यायला. नुसता ५००४ उघडला तर नाव दिसतं, जोडणी मात्र होत नाही.

कार्यक्रमाआधी पिंग करून, म्हणजे पॅकेट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजून, पाहत असाल तर सरासरीकडे बघूच नका. सरासरी दोन मिलिसेकंद आणि सगळ्यात मोठा आकडा १८० असेल, तर तो १८० तुमच्या सर्वांत नाजूक जागेवर येणार. आणि ही चाचणी मांडव भरल्यावर करा, दुपारी चार वाजता रिकाम्या खुर्च्यांसमोर नको. मोठा आकडा पंधरा-वीसच्या आत राहत असेल आणि सॉफ्टवेअरमध्ये सोय असेल, तर घेणाऱ्याकडे दहा मिलिसेकंदांचा कायमचा उशीर लावून टाका. पॅकेटवर वेळ छापलेली असते, तिच्या आधाराने लवकर आलेला सूर थोडा थांबतो आणि सगळे सारख्या अंतराने बाहेर पडतात. दहा मिलिसेकंद म्हणजे स्पीकरपासून साडेतीन मीटर लांब उभं राहणं. बोटांना ते दोन मिनिटांत जमतं. कधी दोन, कधी वीस, हे मात्र कधीच जमत नाही.

तरीही अडकला तर

पॅनिकचं, म्हणजे सगळे सूर एकदम थांबवणारं, बटण वादकाच्या पायाशी हवं, लॅपटॉपच्या मेनूत नको. त्यात क्रम महत्त्वाचा: आधी पेडल सोडा, म्हणजे कंट्रोल ६४ शून्यावर, मग १२३, जो सगळे सूर बंद करतो. पेडल खाली असताना नुसता १२३ पाठवला तर कित्येक वाद्यं पेडल सुटायची वाट पाहत सूर धरून ठेवतात. तरीही काही उरलं तर १२०, तो आवाजच कापतो, शेपूटही ठेवत नाही. म्हणून तो शेवटी. काही सॉफ्टवेअरचं पॅनिक सोळाही चॅनेलवर १२८ पट्ट्यांना एकेक "बंद" पाठवतं. हे झाले २,०४८ हुकूम. लॅनवर ते क्षणात जातात, पण पुढे जुनं साउंड मॉड्यूल पाच पिनांच्या वायरीने जोडलेलं असेल तर त्या वायरीला जवळजवळ दोन सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात वाजवलेलं काहीच ऐकू येत नाही. तसं असेल तर छोटं पॅनिक बनवून घ्या, फक्त तुमच्या वापरातल्या चॅनेलपुरतं.

बेळगावातून पुण्याला

शेवटी इंटरनेटचं, कारण हा प्रश्न हमखास येतो: मी टिळकवाडीत, गायक पुण्यात, ऑनलाइन एकत्र तालीम होईल का? अंतर मोजलं तर व्हायला हवी. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. साडेतीनशे किलोमीटरला दोन मिलिसेकंदही लागत नाहीत. पण पॅकेट एनएच ४८ धरून जात नाही. आपण कर्नाटक टेलिकॉम सर्कलमध्ये, ते महाराष्ट्र सर्कलमध्ये. तुमचं पॅकेट आधी बंगळूरला, तिथून मुंबईला आणि मग पुण्याला असंही फिरून जाऊ शकतं. शिनोळीच्या नाक्यापलीकडच्या चंदगड तालुक्यातल्या मित्राला पाठवलेलंही. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर ट्रेसरूट (tracert) चालवून टप्पे पाहा, बरीच करमणूक होते. त्यात कुणीतरी त्याच लाइनवर व्हिडिओ लावला की राउटरमध्ये रांग साचते आणि उशीर शंभरावर जातो.

वीस-तीस मिलिसेकंदांच्या पुढे एका तालात वाजवणं अवघड होत जातं. त्यामुळे दोघांनी मिळून ठेका धरायचा विचार सोडा. पण शिकवणी छान होते: शिष्याच्या बोटांची मिडी एकाच दिशेने गुरुजींच्या वाद्यावर, घेणाऱ्याकडे दोनशे मिलिसेकंदांची सोय ठेवून, आणि बोलणं फोनवर. मोबाइल हॉटस्पॉटवरून बाहेरची जोडणी थेट आत येत नाही, म्हणून दोन्हीकडे वायरगार्डसारखा व्हीपीएन, म्हणजे दोन संगणकांना जोडणारा खाजगी बोगदा, लावा. संगणक एकमेकांना आपोआप दिसणार नाहीत, पत्ता हाताने टाकावा लागेल. आणि शिष्याच्या टोकालाच मिडी फाइल रेकॉर्ड करायला लावा. वाटेत काही गळलं तरी मूळ वादन त्याच्या लॅपटॉपवर शाबूत असतं, ते नंतर पाठवता येतं, आणि हो, त्यासाठी टीसीपी चालेल.